दोलनदर्शकाची दुरुस्ती : चांदीयुक्त डाख

निर्वात नलिकांचा जुना दोलनदर्शक उघडण्यापूर्वी वीजपुरवठा तोडून धारित्रांत साठलेला विद्युत् भार काढून टाकावा. तो प्राणघातक ठरू शकतो. टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीच्या १९६० च्या सुमाराच्या अशा यंत्रांत रोधक, धारित्रे इत्यादी घटक चिनी मातीच्या पट्ट्यांवरील खाचांत डाख देऊन बसविलेले आढळतात. या खाचांना चांदीचा पातळ थर दिलेला असतो. कथिल-शिशाचा नेहमीचा डाख वितळला की ही चांदी त्यात विरघळते. वारंवार तसे झाल्यास थर नाहीसा होतो व खाच डाख धरीनाशी होते. यास्तव सुमारे ३ टक्के चांदी असलेला डाख वापरावा आणि उष्णता बेताचीच द्यावी. डाखात मुळातच चांदी असल्याने थरातील चांदी फारशी विरघळत नाही. निर्माते अशा डाखाचे लहानसे वेटोळे यंत्राच्या पेटीतच ठेवीत असत.