फेसावर जाऊ नकोस

पोरी, तुमचा बचत गट भांड्यांचं लिक्विड आणि पांढरं फिनाईल करणार, ॲसिड स्लरी आणायला तुम्ही वडगादीच्या बाजारात निघालात, हे तुझ्या आईकडून कळलं. करा, जरूर करा. तू बीएस्सी केमिस्ट्री, म्हणजे तुला सूत्रं माझ्यापेक्षा जास्त येतात. पण लालबागच्या एका गिरणीच्या रंगखात्यात माझी उमर गेली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आमचं खातं बंद पडलं ते पडलंच. आता सांगतो त्यातलं निम्मं आमच्या डाइंग मास्तरांचं आहे. ते माटुंग्याच्या यूडीसीटीत शिकलेले. 1933 साली ती संस्था सुरू झाली तेव्हा तिथे दोनच विषय होते, टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग. गिरणगावाला काय हवं होतं ते त्यावरूनच कळतं.

सरफॅक्टंट, म्हणजे साबणाच्या जातीचा माल, किती घालायचा हे शेवटी विचारायचं. आधी विचारायचं, हा जाऊन बसणार कुठे? त्याच्या रेणूला पाणी धरणारं डोकं असतं आणि पाणी टाळणारी लांब शेपटी. त्यामुळे पाण्यात एकटा राहणं त्याला जमत नाही. पाणी आणि हवा, पाणी आणि तेल, पाणी आणि कापड जिथे भेटतात त्या सीमेवर तो जाऊन बसतो. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण 25 अंशाला मीटरमागे 72 मिलिन्यूटन असतो. सरफॅक्टंट पडला की तो तिशीपर्यंत उतरतो आणि तिथेच थांबतो. शिवाजी मंदिरात नाटक हाऊसफुल्ल झालं की उरलेली मंडळी बाहेर घोळके करून उभी राहतात, तसंच सीमेवरच्या जागा भरल्या की पुढचे रेणू पाण्यातच शेपट्या आत, डोकी बाहेर करून गोळा होतात. तो मायसेल. टूथपेस्टमधल्या एसएलएसचं हे लिटरला साधारण 2.3 ग्रॅमपासून सुरू होतं. त्यापुढे कितीही ओत, पृष्ठताण ढिम्म हलत नाही. पुढच्या मालाचं काम वेगळं, ते म्हणजे तेल पोटात घेणं आणि धरून ठेवणं. म्हणून भिजवायला थोडा पुरतो, तेलकट कढई घासायला जास्त लागतो. कापड नुसतं भिजवायचं असताना डबा उपडा करणारी माणसं मी फार पाहिली.

रंगखात्यात नवा बदली कामगार आला की त्याच्या हातात नॅप्थॉलची पूड देऊन सांगायचे, कालव पाण्यात. पूड पाण्यावर तरंगायची. बोटाने दाबली तर गुठळी व्हायची, फोडली तर आत कोरडी ठाक. मग जॉबर टी.आर. ऑइलचा कॅन पुढे सरकवायचा. टी.आर. म्हणजे टर्की रेड. एरंडेल थंड ठेवून त्यात हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि सोड्याने किंवा अमोनियाने शांत करायचं, की हे तेल तयार. 1870 च्या दशकात युरोपात अलिझरीनच्या लाल रंगासाठी ते आलं. बॉम्बे डाइंगची सुरुवात 1879 ची. तेव्हा सूत टर्की रेड, हिरव्या आणि नारिंगी रंगांत हातानेच बुडवून उन्हात वाळवत.

पूड आधी तेलात मळायची, मग उकळतं पाणी, मग कॉस्टिक, की द्रावण आरपार दिसतं. क्रम उलटा केला तर तेच सामान, तेवढंच सामान, आणि कापडावर ठिपके. एरंडेलाच्या रेणूत सल्फेट शेपटीच्या मधोमध चिकटतं, टोकाला नाही. आमचे मास्तर म्हणायचे, डोकं मध्ये असलेला माल भिजवतो चांगला, डोकं टोकाला असलेला मळ काढतो चांगला. एवढं ध्यानात ठेवलंस तर दुकानदाराने पुढे केलेला निम्मा माल तू तिथल्या तिथे परत करशील.

आणि टी.आर. ऑइलला फेस फारसा नसतो. जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावर, आम्हाला फेस नकोच असायचा. फेस कापडाच्या थरांत अडकला की तिथे रंग कमी बसतो. 1959 मध्ये सर्फ आला आणि बादलीभर फेस म्हणजे स्वच्छता हे घराघरांत ठरून गेलं. ते खरं नाही. तुमच्या लिक्विडला फेस लागेल, कारण गिऱ्हाईक मागतं आणि तेल वाढलं की फेस बसतो, म्हणजे लिक्विड संपत आल्याची खूण मिळते. त्यापलीकडे फेसासाठी पैसे घालू नकोस. भिजतं की नाही ते पाहायचं तर कोऱ्या कापडावर पाण्याचा थेंब सोड आणि घड्याळ बघ. धुवून तयार केलेल्या कापडात थेंब क्षणात जिरतो. कोऱ्यावर कापसाचं मेण असतं, तिथे तो मण्यासारखा बसून राहतो. तुझा माल घालून पुन्हा थेंब सोड. ही परीक्षा फुकटची आहे.

पाणी तपासल्याशिवाय घाणा घालू नकोस. नळाला येतं ते तलावाचं, मऊ. पण गिरगावच्या वाड्यांतल्या जुन्या विहिरी आणि आता सोसायट्यांनी मारलेल्या बोअर यांचं पाणी खारट किंवा जड निघतं. त्यात कॅल्शियम असलं की साबणाचा चिकट पांढरा साका होतो. कापडावर तो बसला की रंगाची वाट लागते. मूर्तिकारांना मात्र हाच साका कामाचा आहे. प्लास्टरच्या साच्यात प्लास्टरच ओतायचं तर साच्याला आतून साबणाचं पाणी फासतात. प्लास्टरमधलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि पाणी न धरणारा पातळ पापुद्रा तयार होतो, मग दोन्ही प्लास्टर एकमेकांना चिकटत नाहीत. साबण तोच. बसला कुठे, एवढाच फरक.

आता डोक्याचा भार. साबण, स्लरी, तुमच्या लिक्विडमधलं एसएलईएस ही सगळी ऋण डोक्याची. कपडे मऊ करणारं सॉफ्टनर, केसांचा कंडिशनर, सेट्रिमाइड ही धन डोक्याची. या दोघांना एका भांड्यात आणू नकोस, एकमेकांना धरून गाळ होतात. आमच्याकडे डायरेक्ट रंग पक्का करायचं फिक्सर धन जातीचं असायचं. आधीच्या धुण्यातला साबण कापडात राहिला असला की फिक्सरच्या पाण्यात चिकट ठिपके उठायचे आणि अख्खा लॉट पुन्हा धुवावा लागायचा. घरी सॅव्हलॉन वापरता ना? त्यात सेट्रिमाइड आहे. जखम साबणाने धुतली तर साबण पूर्ण काढून मग सॅव्हलॉन लाव, नाहीतर साबण त्याला निकामी करतो. सॉफ्टनर टॉवेलला वारंवार लावू नकोस, शेपट्या बाहेर करून तो धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणीच टिपेनासा होतो. कुणी तुला लिक्विडमध्ये थोडं सॉफ्टनर घालून ‘हाताला मऊ’ असं लेबल लावायला सांगेल. त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

रिॲक्शनवरसुद्धा या डोक्यांचा हुकूम चालतो. तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी ओळखीचं असेल तर एकदा करून बघ. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग अगदी फिका करून त्यात पातळ कॉस्टिक घाल. रंग हळूहळू उडतो. एका ग्लासात सेट्रिमाइड घातलंस तर तो झपाट्याने उडेल, दुसऱ्यात एसएलएस घातलंस तर रेंगाळेल. डाउनस्टी आणि ग्रुनवाल्ड यांनी 1959 मध्ये हे मोजून छापलं. रंगाचा रेणू दोन्हीकडे घोळक्याला चिकटतो. पण हायड्रॉक्साइड ऋण, त्याला धन डोकी जवळ ओढतात, ऋण डोकी दूर ठेवतात. आणि सेट्रिमाइड वाढवत गेलीस तर एका टप्प्यानंतर वेग पुन्हा पडतो, कारण रंगाचे आणि हायड्रॉक्साइडचे तेवढेच गडी जास्त घोळक्यांत विखुरले जातात.

हे तुझ्या धंद्याला लागू आहे, ते असं. तुमचं लिक्विड ऋण डोक्यांचं, म्हणजे ते आम्लाचे कण आपल्याभोवती गोळा करणार. लिक्विड जरा आंबट राहिलं तर त्या घोळक्यांशी आम्ल साठतं, सुगंधातली एस्टरं फुटतात आणि एसएलईएसही स्वतः फुटू लागतं. ते फुटलं की आणखी आम्ल सुटतं. चार महिन्यांनी बाटलीला वास येतो आणि दोष सुगंधवाल्याला मिळतो. पीएच सात ते आठच्या मध्ये ठेव.

ॲसिड स्लरी कॉस्टिकच्या पाण्यात सोडायची, बारीक धारेने, ढवळत. उलट कधीच नाही. आणि कॉस्टिकचं पाणी करतानाही कॉस्टिक पाण्यात घालायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा नसेल तर त्या दिवशी काम नाही. 100 ग्रॅम स्लरीला साधारण 12 ते 13 ग्रॅम कॉस्टिक जातं, पण स्लरी दर खेपेला सारखी नसते, म्हणून कागदाच्या हिशोबापेक्षा पीएच पट्टीवर भरवसा ठेव. घाणा चांगलाच तापतो. पुढचं सामान घालायच्या आधी निवू दे.

मीठ सगळ्यात शेवटी. इथेच बहुतेक गट फसतात. पातळ लिक्विडमध्ये मिठाचं पाणी चमचाचमचाने घातलंस की ते घट्ट होत जातं. सोडियम डोक्यांमधली ढकलाढकली कमी करतं, डोकी जवळ येतात, गोल घोळके लांबट होत धाग्यांसारखे एकमेकांत गुंततात. बायका खूश होतात आणि आणखी मीठ घालतात. मग ते पुन्हा पाण्यासारखं होतं. त्यानंतर मीठ काढता येत नाही, बिनमिठाचा नवा घाणा करून त्यात मिसळणं एवढाच इलाज. म्हणून आधी पेलाभर लिक्विड वेगळं काढून त्यावर अजमावून बघ, घट्टपणाच्या शिखराच्या अलीकडे थांब आणि तेच प्रमाण पिंपाला लाव. गरम असताना ते पातळच दिसतं. निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा.

थंडीत लिक्विड गढूळ झालं तर थोडा युरिया घालतात. युरिया घोळके करत नाही, तरी पाण्यात न विरघळणाऱ्याला विरघळवतो. असल्या पदार्थांना हायड्रोट्रोप म्हणतात. न्यूबर्गने 1916 मध्ये हे नाव दिलं. आपल्या माटुंग्याच्या यूडीसीटीत, आता जिला आयसीटी म्हणतात तिथे, प्रा. विलास गायकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशाच पदार्थांनी मिऱ्यातलं पायपरीन आणि हळदीतलं कर्क्युमिन काढून दाखवलं. हे पदार्थ सरफॅक्टंटपेक्षा कितीतरी जास्त घालावे लागतात आणि पाणी वाढवलं की पोटातलं सोडून देतात. त्यांना तेच हवं होतं. तुला ते नकोय, म्हणून युरियावर फार विसंबू नकोस.

फिनाईलला पाइन ऑइल आणि इमल्सिफायर आधी कोरडेच एकत्र कर. भांड्यात पाण्याचा टिपूसही नको. दोन्ही मिळून एक आणि स्वच्छ दिसेपर्यंत ढवळ, मग हे मिश्रण ढवळत्या पाण्यात सोड. दुधासारखं पांढरं झालं म्हणजे तेल बारीक थेंबांत सुटलं. इमल्सिफायर ज्यात जास्त विरघळतो तो बाहेरचा भाग होतो, हा बॅनक्रॉफ्टचा नियम. आपल्याला पाणी बाहेर हवं, म्हणजे पाण्याकडे झुकणारा इमल्सिफायर माग. सकाळी वर तेलाचा तवंग दिसला तर आधी पाण्याचा जडपणा बघ, मग इमल्सिफायर वाढव. मीठ चुकूनही पडू देऊ नकोस. गिरणीच्या लॅबमध्ये सेपरेटिंग फनेलमध्ये नको असलेलं दूध झालं की आम्ही मीठच टाकायचो, ते मोडायला.

तुमच्या खोलीला रंग देणार आहात म्हणे. एशियन पेंट्स 1942 साली गिरगावच्या गायवाडीत एका गॅरेजात सुरू झाली, तेव्हापासून गिरगाववाले रंगाबद्दल सल्ले देतच आले आहेत, त्यात माझा एक. इमल्शन रंगात थेंब धरून ठेवणारा सरफॅक्टंट रंग वाळल्यावरही त्या थरातच राहतो. पावसाळ्यात दमट भिंतीला रंग दिला, वाळायला वेळ लागला, तर तो वर येतो आणि भिंतीवर चकाकते तपकिरी ओघळ दिसतात. रंगाऱ्याशी भांडू नकोस. रंग पुरता वाळला की साध्या पाण्याने हलकेच पुसून घे. शक्यतो दिवाळीपर्यंत थांब.

सुगंध आणि रंग घाणा निवल्यावर घाल. प्रिझर्व्हेटिव्ह विसरू नकोस, मुंबईच्या हवेत पाणी असलेल्या प्रत्येक बाटलीला बुरशी धरते. प्रत्येक घाण्यातली एक बाटली तारीख घालून स्वतःजवळ ठेव, तक्रार आली तर तीच उघडायची. आणि फिनाईल दुधासारखं दिसतं, लिक्विड सरबतासारखं. पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत ते कधी भरू नकोस, शेजारणीने कितीही मागितलं तरी. चाळीत लहान पोरं आहेत.