वाचकांचे प्रश्न : गाणं नक्की कुणाचं?

प्रश्न : मी भीमगीतं आणि लोकगीतं गातो. गाणी मित्र लिहितो, चाली माझ्या. काही गाणी मात्र गाजलेल्या सिनेगीतांच्या चालीवर आहेत. साथीला जयंतीच्या कार्यक्रमांतली मंडळी असतात. रेकॉर्डिंग नांदेडच्या स्टुडिओत स्वखर्चाने केलं. एखाद्या म्युझिक कंपनीने करार करावा म्हणून काय तयारी करावी? एका कंपनीने एकरकमी पैसे देऊन ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद पाठवला आहे. सही करावी का?
– एक वाचक, वारंगा फाटा (जि. हिंगोली)

उत्तर : कागद आला आहे म्हणजे गाण्यात दम आहे. पण कंपनी विकत घेते ते हक्क, आणि हक्क नक्की कुणाचे हेच या गायकाकडे कुठे लिहिलेलं दिसत नाही.

कायद्याच्या नजरेत एका गाण्यात अनेक मालक असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची. ध्वनिमुद्रण ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन करवलं त्याचं. म्हणून स्टुडिओच्या पैशांची पावती जपून ठेवावी आणि प्रत्येक वाद्याचे सुटे ट्रॅकही मागून घ्यावेत. गायक-वादकांना कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे. तेव्हा गीतकार मित्राशी साधा लेखी करार करावा आणि ढोलकी-कीबोर्डवाल्यांची लेखी संमती घ्यावी. मैत्रीत कागद कशाला, असं पहिल्या गाण्याला वाटतं. गाणं चाललं की तोच मित्र वकील गाठतो.

सिनेगीतांच्या चालीवरची गाणी मात्र कंपनीपुढे ठेवूच नयेत. मराठवाड्यात जयंतीच्या रात्री अशी गाणी मैदान गाजवतात, हे खरं. पण चाल मूळ संगीतकाराची आणि ज्यांनी तिचे हक्क घेतले त्यांची. परवानगीविना ती घेतली तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १३ प्रमाणे त्या ध्वनिमुद्रणाला स्वतःचा कॉपीराइटच मिळत नाही. मग विकणार काय?

जुन्या रचनांचंही तसंच. नर्सी नामदेव याच जिल्ह्यातलं. नामदेवांचे अभंग कुणीही गावेत, फक्त अलीकडच्या संगीतकाराने बांधलेली, हक्क अजून शाबूत असलेली चाल उचलू नये. भीमगीतांचे कवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे, किंवा त्यांनी ज्यांना दिले त्यांच्याकडे राहतात; म्हणजे वामनदादांच्या गीतांसाठी २०६४ अखेरपर्यंत परवानगी हवी.

स्वतःच्या चालीचं मोल अलीकडे दिसलंच आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४मध्ये त्याच्या स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर आलं; शब्द आणि आवाज त्याचा, संगीतात भाऊ जी-स्पार्क. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं. दोन्ही गाणी ठसठशीत मराठी, कुणाची नक्कल नाही. कंपनी आधी हेच पाहते. त्यामागोमाग ती गाण्यांची नियमितता, ऐकणारे कुठले आहेत आणि कार्यक्रमांच्या सुपाऱ्या किती येतात, हे पाहते. ही माहिती एका पानावर तयार असावी.

आता त्या कागदाकडे. कलम १९ सांगतं की हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती काळ, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे स्पष्ट हवं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीने ‘कायमचे’ हा शब्द घातला आहे तो या पाच वर्षांतून सुटण्यासाठी.

एकरकमी की वाटा, हा वाद जुना आहे. १९६०च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली, मोहम्मद रफींना ती पटली नाही आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गाणंच थांबवलं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या बाजूने कौल दिला. गाण्याच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला त्यांचा समान वाटा ते वारस किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणालाही देऊ शकत नाहीत, सोडूही शकत नाहीत. तसा करार केला तरी तो त्या बाबतीत निरर्थक. रेडिओच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये हा हक्क मान्य केला. पण घरबसल्या पैसे येत नाहीत. त्यासाठी मित्राने आणि या गायकाने (चाली त्याच्या आहेत) आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासद व्हावं. गायक म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे.

नोंदणी सक्तीची नाही, तरी वादात पुरावा म्हणून कामी येते. कॉपीराइट कार्यालयाचं शुल्क शब्द किंवा चालीसाठी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये.

थोडक्यात, आहे त्या कागदावर सही करू नये. एक-दोन गाणी, पाच वर्षं, आगाऊ रक्कम आणि त्यावर टक्केवारी, दर सहा महिन्यांनी हिशेब, पुढच्या गाण्यांवर कंपनीचा हक्क नाही, असा उलट मसुदा पाठवावा आणि सहीपूर्वी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवावा. कंपनीने यातलं काहीच मान्य केलं नाही, तर गाणी स्वतःच्या चॅनेलवरच ठेवावीत.