हत्याराचे टोक आणि हत्याराची दिशा

अंकांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र १९५२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत जाहीररीत्या दाखविण्यात आले. त्याला तीन अक्ष होते. हत्याराचे टोक हव्या त्या बिंदूवर नेता येई. हत्याराची दिशा मात्र बदलत नसे. टर्बाइनच्या पिळदार पात्यासाठी एवढे पुरत नाही. म्हणून पंचाक्षी यंत्रात फिरणारे आणखी दोन अक्ष असतात. आज्ञावली लिहिणाऱ्याला आता दोन गोष्टी सांगाव्या लागतात : टोक कोठे असावे आणि हत्यार कोणीकडे कललेले असावे.

खरी अडचण दोन आज्ञांच्या मधल्या प्रवासात आहे. समजा, एक फिरता अक्ष हत्याराचा उभ्या रेषेशी असलेला कल ठरवितो आणि दुसरा त्या कलाचा रोख. हत्याराच्या बाजूने एक सपाट, कललेली भिंत कापावयाची आहे. आरंभी हत्यार पूर्वेकडे ३० अंश कललेले आहे, शेवटी उत्तरेकडे ३० अंश. दोन्ही अक्षांचे कोन केवळ समप्रमाणात बदलले, तर कल ३० अंशच राहील, रोख तेवढा ९० अंशांनी वळेल आणि हत्यार शंकूच्या पृष्ठावरून फिरेल. भिंतीच्या प्रतलात राहावयाचे, तर मध्यावर कल सुमारे २२.२ अंश हवा. टोक आपल्या रेषेवर अचूक असूनही, टोकापासून १०० मिलिमीटरवर हत्याराचा अक्ष त्या प्रतलापासून सुमारे साडेतेरा मिलिमीटर दूर जातो. तेवढ्याने भिंत बिघडते. यास्तव, कोन नव्हे तर दिशाच दोन टोकांच्या प्रतलात वळवावी, असे नियंत्रकास स्पष्ट सांगावे लागते.

हत्यार जवळजवळ उभे असताना आणखी एक पेच उद्भवतो. पूर्वेकडील १ अंशाच्या कलावरून उत्तरेकडील १ अंशाच्या कलावर जाताना दिशा सुमारे १.४ अंशानेच बदलते. तथापि रोखाच्या अक्षाला ९० अंश फिरावे लागते. तो वेगाने फिरू शकला नाही, तर कापण्याची गती मंदावते आणि पृष्ठावर खूण उमटण्याचा संभव असतो. शक्य असेल तेथे वस्तू थोडी तिरपी बसविली, तर हा प्रसंग टळतो.

सारांश, टोकाचा मार्ग तपासणे म्हणजे अर्धीच आज्ञावली तपासणे होय.