उभ्या गाडीचे पैसे कोणाचे?

चि. भाच्यास,


वणीच्या ट्रान्सपोर्टवाल्याने महिन्याच्या पगारावर बोलावलंय आणि तुझं मन मागेपुढे होतंय, असं ताईकडून कळलं. माझं मत आधीच सांगतो: जा. पण ‘पगार किती’ हे नंतर विचार. गाडी उभी राहिली तर पैसे कोणाचे बुडतात, हे आधी विचार. आपल्या जिल्ह्यात ट्रक जितका धावतो तितकाच खोळंबतोही. वणीकडच्या कोळसा खाणीत भरायला रांग, काट्यावर वजनाला रांग, सायडिंगला खाली करायला रांग; पावसाळ्यात खाणीतला रस्ता चिखलाने बसला की सगळंच मंदावतं. दिवाळीनंतर पांढरकवडा-घाटंजीच्या जिनिंगपुढे कापसाच्या गाड्या लागतात, आणि ओलावा जास्त निघाला की भावाची घासाघीस संपेपर्यंत गाडी फाटकातच. खेपेवर चालणाऱ्या बदली ड्रायव्हरला या तासांचा छदाम मिळत नाही. मग तो गेलेला वेळ रात्री रस्त्यावर भरून काढतो, झोप मोडून, वेग वाढवून. ‘खेपेला जास्त सुटतात’ असं तू म्हणशील. हंगामात सुटतातही. पण त्या जास्तीच्या पैशांत तुझं जागरण आणि श्रावणातले रिकामे दिवस धरलेले नसतात; ते धरून वर्षाचा हिशेब मांड.

मात्र महिन्याला पगार मिळाला म्हणजे माणूस कायम झाला, असं समजू नकोस. दोन गाड्यांचा मालकही पगार देतो, आणि गाडी गॅरेजला लागली की ‘चार दिवस घरी थांब’ म्हणून कापतोही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कामगार संहितेने नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं, पण ती साधारणपणे दहा कामगारांपासून पुढे लागू होते. भविष्य निर्वाह निधीला (पीएफला) वीस लागतात. तेव्हा त्याच्या गाड्या आणि माणसं आधी मोजून ये. कागदाची खरी गरज अपघातानंतर पडते. गाडीच्या विम्यात ड्रायव्हरच्या भरपाईची तरतूद असते, पण हा माणूस त्या मालकाकडे नोकरीला होता का, इथेच दावा अडू शकतो. नियुक्तिपत्र, हजेरी आणि बँकेत जमा झालेला पगार असला की घरच्यांना साक्षीदार शोधत फिरावं लागत नाही.

पीएफ कापल्याने हातात कमी येतं, ही तक्रार मला पटत नाही. १५,००० वर तुझे १,८०० जातात, तेवढेच मालकालाही भरावे लागतात, आणि दहा वर्षं सेवा झाली तर पेन्शनचा हक्क लागतो. शेतीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. मृगात पेरणीला घरी माणूस लागतो, हे खरं. तेवढी रजा सुरुवातीलाच ठरवून घे. पण बदलीवर राहिल्याने शेती सांभाळली जाते, हे अर्धंच खरं. वेचणीचा हंगाम तोच भाड्याचा हंगाम, तेव्हा बदलीवाला तरी घरी कुठे असतो? ‘मालक ओळखीचा आहे, कागद कसा मागायचा’ याला तर मी आक्षेपही म्हणत नाही. ओळखीचाच असेल तर द्यायला त्याला जड का जावं?

आणखी दोन गोष्टी. उचल घेऊ नकोस. ती फिटेपर्यंत नोकरी सोडायची मोकळीक राहत नाही. आणि जादा माल भरायला सांगितलं तर दंड किती ते ठाऊक असू दे: २०,००० रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,०००. कायदा भरायला लावणाऱ्याला धरतो, तसा चालवणाऱ्यालाही. कायम माणसाला ‘नाही’ म्हणणं थोडं सोपं जातं, कारण उद्याची खेप दुसऱ्याला जाण्याची धास्ती त्याला कमी असते. भेटायला जाशील तेव्हा लायसन्सची मुदत पाहून जा, आणि नियुक्तिपत्र हातात पडेपर्यंत गाडीची चावी घेऊ नकोस.

तुझा,
मामा