शर्करेच्या साखळीचे वजन

प्रथिने ॲमिनो आम्लांची बनलेली असतात हे तुम्ही शिकला आहात. पण आपल्या शरीरातील पुष्कळ प्रथिनांवर शर्करांच्या लहान साखळ्याही जोडलेल्या असतात. कर्करोगात या साखळ्या बदलतात.

याचे एक उदाहरण पाहू. यकृताच्या कर्करोगात रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन पुष्कळदा वाढते. पण ते यकृताच्या इतर विकारांतही वाढू शकते. मग भेद कसा करावा? कर्करोगात या प्रथिनावरील साखळीच्या बुडाशी फ्यूकोज ही शर्करा जोडली जाण्याचे प्रमाण वाढते. मसुरीतील एक प्रथिन अशा साखळीला घट्ट चिकटते. या गुणधर्माचा उपयोग करून रक्ताची तपासणी करतात.

असे बदल हजारो प्रथिनांत शोधायचे तर संगणक हवा. मास स्पेक्ट्रोमीटर हे उपकरण प्रथिनाच्या तुकड्याचे साखळीसह वजन सांगते. त्यातून नुसत्या तुकड्याचे वजन वजा केले की साखळीचे वजन उरते. ते कोणत्या शर्करांच्या बेरजेने येईल, हे संगणकाची आज्ञावली शोधते. साखळीतील घटकांची वजने डाल्टन या एककात सुमारे अशी आहेत :

हेक्झोज – 162
एन-ॲसिटाइल हेक्झोसामीन – 203
फ्यूकोज – 146
सियालिक आम्ल – 291

समजा, साखळीचे वजन 2204 आले. पाच हेक्झोज 810, चार हेक्झोसामीन 812 आणि दोन सियालिक आम्ले 582, बेरीज 2204. वजन 2350 आले, तर वाढलेले 146 म्हणजे एक फ्यूकोज!

येथे एक फसवी जागा आहे. दोन फ्यूकोजचे वजन 292, म्हणजे सियालिक आम्लापेक्षा जेमतेम 1 ने अधिक. निसर्गातील सुमारे 1 टक्का कार्बन अणूही 1 ने जड असतात. त्यामुळे दोहोंची गल्लत होते. मग आज्ञावली साखळीच्या तुटलेल्या कणांकडे पाहते. सियालिक आम्ल असेल तर 274 व 292 वजनाचे कण दिसतात.

2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी रक्तातील प्रथिनांची एकच मोजमापे 22 गटांना दिली होती. त्यांच्या उत्तरांत बराच फरक पडला. म्हणून रोगाची खूण ठरवण्यापूर्वी संगणकाचे उत्तर दुसऱ्या पुराव्याने पडताळावेच लागते.

करून पाहा : 2204 ऐवजी वजन 2860 आले. तीन निरनिराळे घटक प्रत्येकी एकदा जोडले गेले असतील, तर ते कोणते?