प्रत्येक बिल्डला कारण हवं

चि. सायलीस,


सी++ लायब्ररीच्या सीआयची जबाबदारी तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. एवढे बिल्ड कसे सांभाळायचे, असं तू विचारलंस. आधी एक कर. प्रत्येक बिल्ड कशासाठी चालतो, ते एकेका वाक्यात लिहून काढ. ज्याचं कारण लिहिता येणार नाही, तो बंद कर.

तीन ऑपरेटिंग सिस्टिम, डिबग की रिलीज, शेअर्ड की स्टॅटिक, सी++17 की सी++20, एवढ्यातच 24 बिल्ड होतात. आणखी एक चालू-बंद पर्याय आला, की 48. गिटहब अ‍ॅक्शन्सचा मॅट्रिक्स एका रनमध्ये 256 जॉब चालवू देतो, म्हणून तेवढे चालवायचे नसतात. अनेक दोष दोन पर्याय एकत्र आले की दिसतात, आणि 24 पैकी नेमके सहा बिल्ड निवडले तरी कोणत्याही दोन पर्यायांची प्रत्येक जोडी एकदा तरी तपासली जाते. प्रत्येक सिस्टिमला दोन बिल्ड दे, त्यांतले बाकीचे तिन्ही पर्याय एकमेकांच्या उलट ठेव, आणि ही उलट जोडी दर सिस्टिमला वेगळी घे. हे सहा प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालव, सगळे 24 रात्री.

डिबग आणि रिलीज यांपैकी कोणालाच मात्र कधी वगळू नकोस. रिलीजमध्ये सहसा एनडीबग लागू असतो आणि असर्ट गळून पडतात. कुणी असर्टच्या कंसातच गरजेचं काम लिहिलं असेल, तर ते डिबगमध्ये होतं आणि रिलीजमध्ये होतच नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणि थ्रेड सॅनिटायझर एका बिल्डमध्ये एकत्र चालत नाहीत. त्यांना रात्रीच्या यादीत वेगवेगळी जागा दे.

सेटिंग्ज सीआयच्या यामल फाइलमध्ये विखरू देऊ नकोस. सीमेकमध्ये 3.19 आवृत्तीपासून, म्हणजे 2020 पासून, प्रीसेटची सोय आहे. सगळे फ्लॅग तिथे ठेव, यामलमध्ये फक्त प्रीसेटचं नाव येऊ दे. मग सीआयवर पडलेला बिल्ड कुणालाही आपल्या मशीनवर त्याच नावाने चालवून बघता येतो. नावंही ‘लिनक्स-रिलीज-स्टॅटिक-20’ अशी दे. ‘बिल्ड-7’ या नावावरून काय बिघडलं ते कुणालाच कळत नाही.

रात्रीच्या मॅट्रिक्समध्ये फेल-फास्ट बंद कर. तो मुळातच चालू असतो, आणि एक जॉब पडला की उरलेले रद्द करतो. दोष फक्त विंडोजवर आहे की सगळीकडे, हे मग समजत नाही. कॅशच्या किल्लीत प्रीसेटचं नाव घाल, म्हणजे एका बिल्डच्या फाइली दुसऱ्यात जाणार नाहीत.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. रात्री काही लाल झालं, तर सकाळी ते कोण बघणार, हे आधी ठरव. लाल रंगाची सवय झाली, की टीम खऱ्या दोषाकडेही बघेनाशी होते. म्हणून लाल बिल्ड दुरुस्त तरी कर, नाहीतर कारण नोंदवून यादीतून काढ. तसाच लाल ठेवू नकोस.

बिल्डची यादी कारणांसकट लिहून झाली की मला पाठव. एकेक ओळ वाचून कळवते.

तुझी,
आत्या