बाळाच्या रडण्यापासून खोडातील कुरतडीपर्यंत : ध्वनिसंवाद आणि पीक संरक्षण

तान्हे बाळ रडू लागले की हातातले काम टाकून घरातील कोणीतरी धावत जाते. गोठ्यात वासरू हंबरले की गाय कान टवकारते. नारळाच्या खोडात मात्र सोंड्या भुंग्याच्या अळ्या आठवडेच्या आठवडे कुरतडत असतात आणि तो आवाज बहुधा कोणाच्याच कानी पडत नाही. शेंडा कलंडल्यावर बागायतदाराचे लक्ष जाते, परंतु तोवर झाड वाचविण्याची वेळ टळून गेलेली असते. प्राणी आवाजाचा उपयोग कसा करतात, त्यातील कोणता आवाज शेतकऱ्याच्या कामाचा आहे आणि तो ऐकण्याच्या मर्यादा कोणत्या, याचा आढावा या पाठात घेतला आहे.

संकेत आणि खूण

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बाळाचे रडणे किंवा वासराचे हंबरणे हे दुसऱ्याने ऐकावे यासाठीच असते. त्यास ‘संकेत’ म्हणता येईल. अळीच्या कुरतडण्याचा आवाज कोणासाठीही नसतो. तो खाण्याच्या क्रियेतून आपोआप निर्माण होतो आणि ऐकणाऱ्याला केवळ अळीच्या उपस्थितीची ‘खूण’ पटवितो. कीड व्यवस्थापनात या दोन्हींचा उपयोग होतो, परंतु दोन वेगळ्या प्रकारे. संकेतामध्ये अडथळा आणता येतो, तर खुणेचा मागोवा घेता येतो.

पिल्लाची हाक

नवजात बाळाच्या रडण्याची मूळ वारंवारता साधारणपणे ४०० ते ६०० हर्ट्झ असते, म्हणजे प्रौढ स्त्रीच्या बोलण्याच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून अधिक. मनुष्याचा कान या आवाजाकडे सहसा दुर्लक्ष करू शकत नाही. जर्मनीतील वुर्त्सबुर्ग विद्यापीठाच्या काथलीन वेर्मके व सहकाऱ्यांनी २००९ साली फ्रेंच आणि जर्मन कुटुंबांतील ६० नवजात बालकांच्या रडण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच बाळांचे रडणे चढत्या सुराकडे, तर जर्मन बाळांचे उतरत्या सुराकडे झुकत असल्याचे त्यात आढळले. गर्भात असतानाच बाळ आईच्या भाषेची लय टिपते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

तरीही रडण्यातून नेमके कारण क्वचितच कळते. रडण्याची तीव्रता त्रास किती आहे हे सांगते. भूक, ओला लंगोट की पोटदुखी, हे मात्र आई वेळ, स्पर्श आणि अनुभव यांवरून ठरविते. आवाज तातडी सांगतो, निदान मात्र तपासणीनेच होते. शेतातही हाच नियम लागू पडतो.

गाय-वासरांवरील ब्रिटनमधील एका अभ्यासात (२०१५) असे दिसले की, वासरू जवळ असताना गाय बहुतांशी तोंड मिटून खालच्या सुरात आवाज देते आणि वासरू नजरेआड झाले की वरच्या सुरात हंबरते. प्रत्येक गाईचा व वासराचा आवाज स्वतंत्र ओळखता येण्याजोगा असतो. कोंबडीचे पिल्लू तर अंडे फुटण्यापूर्वीच आतून चिवचिवते आणि रवणावर बसलेली कोंबडी त्यास प्रतिसाद देते. या हाकेचे मोल टर्की पक्ष्यांवरील १९६० सालच्या प्रयोगातून लक्षात येते. ऐकू न येणाऱ्या टर्की माद्यांनी स्वतःच्याच पिल्लांना शत्रू समजून ठार केले. पिल्लू डोळ्यांसमोर होते, पण त्याची हाक कानी पडत नव्हती.

कीटकांतही अशी हाक आहे. मध्य अमेरिकेतील अंबोनिया या काट्यासारख्या दिसणाऱ्या कीटकाची मादी फांदीवर पिल्लांच्या घोळक्याची राखण करते. शत्रुकीटक जवळ येताच पिल्ले एकामागोमाग एक अंग हलवितात. ती थरथर लाटेसारखी फांदीतून आईपर्यंत पोहोचते आणि आई पंख फडफडवून, मागच्या पायांनी लाथा झाडून शत्रूला हुसकावते. रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी १९९६ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले.

मोहोळातील आवाज

मधमाशीपालकांना ध्वनिसंवादाचा परिचय फार जुना आहे. युरोपीय मधमाशीच्या वसाहतीत पहिली नवी राणी कोषातून बाहेर आली की ‘टूऽट टूट’ असा तुतारीसारखा आवाज काढते. अजून कोषात असलेल्या राण्या त्यास बदकासारख्या ‘क्वॅक क्वॅक’ आवाजाने उत्तर देतात. इंग्लंडचे चार्ल्स बटलर यांनी १६०९ सालच्या आपल्या ग्रंथात राण्यांच्या या आवाजाची दखल घेतली होती. हे दोन्ही आवाज एकत्र ऐकू आले, तर जुनी राणी बहुधा आधीच थवा घेऊन गेली आहे आणि आणखी थवे निघण्याची शक्यता आहे, असे समजावे. अशा वेळी राणीकोषांची तपासणी लांबणीवर टाकू नये.

आपल्याकडील सातेरी मधमाशीच्या पेटीवर टिचकी मारली असता आतून सापासारखा सरसर फूत्कार उमटतो. तो असंख्य कामकरी माश्यांचा सामूहिक आवाज असतो. व्हिएतनाममध्ये याच जातीच्या माश्या मोठ्या गांधीलमाशीच्या हल्ल्याच्या वेळी विशिष्ट कर्कश इशारा देतात, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदविले आहे.

खोडापानांतून चालणारा संवाद

रातकिडा किंवा झिकाडा यांचा आवाज हवेतून येतो, म्हणून तो आपल्याला ऐकू येतो. परंतु तीन-चार मिलिमीटर लांबीच्या कीटकाला हवेतून दूरवर जाणारा खालच्या सुराचा आवाज काढणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे असे कीटक वनस्पतीलाच तारेसारखे वापरतात. पोट थरथरवून ते खोडात कंपन सोडतात आणि दुसरा कीटक ते पायांनी ‘ऐकतो’. २००५ साली मांडलेल्या एका अंदाजानुसार, ध्वनी वा कंपनाद्वारे संवाद साधणाऱ्या कीटकजातींपैकी ९० टक्क्यांहून अधिक जाती अशा पृष्ठभागावरील कंपनांचा वापर करतात. याचा अर्थ, आपल्याला शांत वाटणारे शेत प्रत्यक्षात संवादाने भरलेले असते.

भातावरील तपकिरी तुडतुडा हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे नर व मादी भाताच्या खोडातील कंपनांद्वारे परस्परांना शोधतात, हे जपानी संशोधकांनी १९७४ साली दाखविले. कपाशी, भेंडी व वांगी यांवरील हिरवा तुडतुडा आणि लिंबूवर्गीय फळझाडांवरील सिट्रस सिला यांचे मीलनही अशाच संवादावर अवलंबून असते. सिलाचा नर पंख थरथरवून हाक देतो. मादी अल्पावकाशात उत्तर देते आणि त्या उत्तराच्या दिशेने नर चालू लागतो. उत्तर आले नाही, तर त्याला मादीचा ठावठिकाणा लागणे कठीण होते.

संवादात अडथळा : नियंत्रणाची नवी दिशा

कामगंध सापळ्यांत कीटकाच्या वासाच्या भाषेचा उपयोग केला जातो. त्याच धर्तीवर कंपनांच्या भाषेत अडथळा आणता येईल का, हा प्रश्न भारतात लवकर विचारला गेला. के. एन. सक्सेना आणि एच. कुमार यांनी १९८० साली असे दाखविले की, बाहेरून सोडलेल्या ध्वनीमुळे रोपात कंपने निर्माण होतात आणि कपाशीवरील तुडतुडे व भातावरील तपकिरी तुडतुडे यांचा संवाद व मीलन खंडित होते.

यापुढचा टप्पा इटलीतील द्राक्षबागांत गाठला गेला. तेथील एका तुडतुड्यामुळे द्राक्षवेलींत घातक फायटोप्लाझ्मा रोगाचा प्रसार होतो. त्याचा नर प्रतिस्पर्धी नराची हाक बिघडविण्यासाठी स्वतःच एक गोंगाट करतो. संशोधकांनी तो गोंगाट ध्वनिमुद्रित केला व वेलींना आधार देणाऱ्या तारांमधून वेलींत सोडला. त्यामुळे मीलनाचे प्रमाण लक्षणीय घटले. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. सिट्रस सिलाच्या बाबतीत अमेरिकेत मादीच्या उत्तराची नक्कल करणारे उपकरण तयार करून नराची दिशाभूल करण्याचे प्रयोग झाले आहेत.

तथापि, या पद्धतीची मर्यादा ध्यानात घ्यावी. द्राक्षबागेत सर्व वेलींना जोडणारी तार आयतीच उपलब्ध असते. भात किंवा कपाशीच्या शेतात ती नसते. म्हणून या पिकांसाठी सध्या तरी निरीक्षण आणि एकात्मिक व्यवस्थापन हाच मार्ग आहे. भातात दर दोन ते तीन मीटरनंतर सुमारे ३० सेंटिमीटरचा पट्टा मोकळा ठेवावा, चुडाच्या बुंध्याशी वाकून पाहणी करावी आणि तुडतुड्यांचा पुनरुद्रेक घडविणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशके टाळावीत. ‘आवाजाने सर्व किडी पळतात’ अशा जाहिरातीसह विकल्या जाणाऱ्या उपकरणांबाबतही सावध राहावे. प्रत्येक जातीचा संकेत वेगळा असल्याने सर्व किडींवर चालणारा एकच आवाज संभवत नाही.

नारळाच्या खोडाला कान

खुणेचा सर्वांत मोलाचा उपयोग सोंड्या भुंग्याच्या बाबतीत होतो. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, आंध्र प्रदेश, गोवा व कोकणातील नारळ आणि कच्छमधील खारीक या सर्वांना या किडीचा धोका आहे. दक्षिण व आग्नेय आशियातील ही कीड १९८० च्या दशकात आखाती देशांत आणि पुढे भूमध्य सागरी प्रदेशातही पोहोचली.

मादी खोडावरील जखमांत अंडी घालते. अळ्या आत शिरून गाभा खातात. नारळाला फांद्या नसतात व त्याचा वाढबिंदू एकच असतो. तो कुरतडला गेला की झाड पुन्हा फुटत नाही. वर्षानुवर्षे घराला नारळ देणारे झाड काही महिन्यांत संपते. सर्व अवस्था खोडाच्या आत असल्याने बाहेरून झाड पुष्कळ काळ निरोगी भासते. म्हणूनच कुरतडण्याच्या आवाजाला महत्त्व आहे. वाऱ्याची व रहदारीची वर्दळ नसताना, शक्यतो पहाटे, खोडाला कान किंवा स्टेथोस्कोप लावून ऐकल्यास वाढलेल्या अळ्यांचा ‘कर्रकर्र’ असा तुटक आवाज येतो. खोडात बसविलेल्या संवेदकाने हाच आवाज वाढवून ऐकण्याची उपकरणेही विकसित झाली आहेत.

येथे बाळाच्या रडण्याचा धडा आठवावा. आवाज आला तर अळी असण्याची दाट शक्यता आहे. मात्र आवाज आला नाही म्हणजे झाड निरोगी आहे, असे ठरत नाही, कारण लहान अळ्यांचा आवाज अत्यंत क्षीण असतो. म्हणून आवाजाची सांगड पुढील लक्षणांशी घालावी : खोडावरील छिद्रे, त्यांतून झिरपणारा तपकिरी चिकट द्रव, बाहेर पडलेला चघळलेला भुसा आणि आतील झावळ्यांचे पिवळे पडणे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

१. पाच ते वीस वर्षे वयाच्या माडांची नियमित पाहणी ठेवावी. प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन ऐकलेल्या व पाहिलेल्या बाबींची वही ठेवावी.

२. झावळ्या खोडालगत तोडू नयेत, सुमारे एक मीटर देठ राखावा. खोडाला जखमा करणे टाळावे. गेंड्या भुंग्याचे नियंत्रण करावे, कारण त्याने केलेल्या जखमांतूनही सोंड्या शिरतो.

३. लागण आढळल्यास त्वरित कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीनुसार उपचार करावा. वाचण्याच्या पलीकडे गेलेले झाड तोडून, खोड चिरून, आतील अळ्या, कोष व भुंगे नष्ट करावेत. तसेच पडून राहिलेले खोड शेजारच्या बागेसाठी किडीचे घर ठरते.

४. कामगंध सापळे एकट्या बागेत लावण्यापेक्षा संपूर्ण वाडीने मिळून लावावेत व ते कोवळ्या माडांपासून दूर ठेवावेत.

५. प्रशिक्षणात किडलेल्या खोडाचा आवाज प्रत्येक शेतकऱ्याला प्रत्यक्ष ऐकवावा. एकदा ऐकलेला आवाज पुन्हा ओळखणे सोपे जाते.

आईचा कान जन्मतः तयार नसतो. तो रात्रंदिवस बाळाजवळ राहून घडतो. बागायतदाराचा कानही तसाच घडवावा लागतो. झाड स्वतः हाक देत नाही. त्याच्या आत चाललेली कुरतड वेळेवर ऐकणे, एवढेच माणसाच्या हाती आहे, आणि योग्य वेळी ऐकली तर तेवढ्यानेही झाड वाचू शकते.